एसयूव्हीला एअर हॉर्न बसवावा का? (कापसाच्या ट्रॉलीमागं दोन किलोमीटर)

पांदणवाला – ११ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मंडळी, नमस्कार. तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ. गाडी सात सीटर डिझेल एसयूव्ही, ९ वर्षं जुनी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अख्खा धागा 'कोणती गाडी भारी' यावरच जाईल. मागच्या खेपेचा अनुभव आहे.

मंगळवारी बाबांना मोतीबिंदूसाठी यवतमाळला नेत होतो. फाट्याच्या पुढं कापसाची ट्रॉली लागली. दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर फुगलेली, वर जाळं, जाळ्यावर एक पोट्टा आरामात झोपलेला. ड्रायव्हरचं डोकं मला दिसत नाही, माझी गाडी त्याला दिसत नाही. दोन किलोमीटर हॉर्न दाबत गेलो. समोर मोकळं दिसलं म्हणून उजवीकडून काढली, आणि निम्मी गाडी पुढं गेल्यावर त्या भल्या माणसानं ट्रॅक्टर उजव्या पांदणीत वळवला. हात नाही, लाइट नाही. मी डांबर सोडून खाली, सरळ बाभळीत. आरसा गेला, दारावर ओरखडे. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुह्या गाडीले आवाजच नाही. सायकलची घंटी बरी."

तर आता एअर हॉर्न बसवायचा विचार पक्का होत आलाय. यवतमाळात एका दुकानात दोन भोंग्यांचा, कॉम्प्रेसरवाला, फिटिंगसकट २८०० सांगितला. डब्यावर '३०० डेसिबल' छापलंय. ज्यांनी बसवलाय त्यांनी सांगा: वायरिंग जळतं का, पोलीस धरतात का, आणि मुख्य म्हणजे पुढच्याला ऐकू येतं का?

भैताड भाऊ – रात्री ९.३४

बसव भाऊ, इचार कायले करून रायला! म्या मागच्या दिवाळीले बसवला. एकदा दाबला का समोरचा आपोआप डाव्या अंगाले सरकते. बाजाराच्या दिवशी तं मजाच येते, गर्दी अशी फाटते जसं नांगरानं वावर. पयले लोकं मले वयखत नव्हते, आता आवाजावरून वयखतात.

सावजी तर्री – रात्री ९.४१

'आवाजावरून वयखतात' वाचून कळलं का वयखतात. रुमाल टाकून ठेवतो.

कोळसा लाइन – रात्री १०.१५

वणी–घुग्घुस लाइनला १४ वर्षं ट्रक चालवला, आता दोन स्वतःचे आहेत. एअर हॉर्नचं आमच्याकडून ऐका.

ट्रकला एअर ब्रेक असतात, त्यामुळं हवेची टाकी भरलेलीच असते. दोरी ओढली की त्याच क्षणी हवा भोंग्यात. तुमच्या गाडीत टाकी नाही. तुम्हाला जो देताहेत त्यात मुठीएवढा कॉम्प्रेसर असतो. तुम्ही बटण दाबणार, मोटर फिरणार, हवा जमणार, नळीतून जाणार, मग भोंगा बोलणार. अर्धा सेकंद समजा. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे हॉर्न तोंड उघडेपर्यंत तुम्ही ११ मीटर पुढं. एखादं पोरगं आडवं आलं तर त्या ११ मीटरमध्ये गोष्ट संपलेली असते. कंपनीचा साधा हॉर्न आवाजानं लहान असेल, पण लगेच बोलतो.

दुसरं म्हणजे आम्हाला केबिनमध्ये मागच्या कारचा हॉर्न ऐकू येतच नाही. खाली इंजिन, काच वर, रात्री जागं राहायला गाणी. आम्ही बघतो आरशात. मागून डिपर (हेडलाइटची उघडझाप) दिसला की कळतं कोणीतरी घाईत आहे. दिवसा पण डिपरच मारा. दहातल्या आठ वेळा साइड मिळेल. उरलेले दोघं देणारच नाहीत, त्यांच्यामागं भोंगा लावा नाहीतर तोफ.

पांदणवाला – रात्री १०.२८

दादा, हे अर्ध्या सेकंदाचं दुकानदारानं सांगितलं नव्हतं. पण कापसाच्या ट्रॉलीला आरसा असून नसल्यासारखा. डिपर कोणाला मारू? त्या झोपलेल्या पोट्ट्याला?

अकोल्याचा पुणेकर – रात्री १०.५०

मूळचा मूर्तिजापूरचा, २२ वर्षं पुण्यात. ध्वनीच्या मोजमापाशी नोकरीचा थोडा संबंध येतो म्हणून '३०० डेसिबल'बद्दल लिहितो. डेसिबल ही सरळ चढणारी पट्टी नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. आपल्या हवेत साधी ध्वनिलहर १९४ डेसिबलच्या आसपास संपते, त्यापुढं तिला ध्वनी म्हणत नाहीत, स्फोटाचा धक्का म्हणतात. तेव्हा ३०० डेसिबलचा हॉर्न घाटंजीत वाजला तर घाटंजी राहणार नाही, यवतमाळचंही सांगता येत नाही.

खरा हिशोब असा. गाडीवर बसवलेल्या हॉर्नचा आवाज समोर ७ मीटरवर मोजतात आणि तो ९३ ते ११२ डेसिबलच्या दरम्यान असावा लागतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. ७ मीटरवर ११२ धरला तर १४ वर १०६, २८ वर १००, ५६ वर ९४. ही सगळी मधे काही नाही असं धरून.

आणि तुमच्या मधे काय होतं? कापूस! कापूस आवाज पितो हो. स्टुडिओच्या भिंतींवर अशीच मऊ, सच्छिद्र, तंतूंची जाड गादी लावतात. तुम्ही दोन किलोमीटर एका सहा-सात फुटी गादीच्या मागून ओरडत होता. त्यातही पातळ, किरर्र आवाज आधी मरतो, जाड आवाज थोडा तरी पार जातो.

सावजी तर्री – रात्री १०.५४

बाप्पा! पुण्याच्या माणसानं कामाचं लिवलं. तारीख लिहून ठेवा.

बंडीवाले काका – १२ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

मी मोबाइलवर हळू लिहितो, समजून घ्या. वय ६४. तालुका दारव्हा. आमच्याकडं अजून एक बैलजोडी आहे.

दोन वर्षांआधी पोळ्याच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. बंडीत मी, बायको, आणि निंदणाच्या दोन बाया. नाल्यावरचा लहान पूल, कठडे नाहीत, पाणी दोन फूट. पुलाच्या मधोमध असताना मागून गाडी आली. उंच, काळी. त्यानं एकदा साधा वाजवला असता तर पूल उतरून मी बंडी बाजूला घेणारच होतो. त्यानं तो भोंगा दाबला आणि धरून ठेवला.

डाव्या अंगाचा बैल बुजला. बैल बुजतो म्हणजे काय हे गाडीत बसलेल्याला कळत नाही. आधी त्याचे कान मागं जातात, मग मागचे पाय आखडतो, मग अंग टाकतो. त्यानं अंग टाकलं उजव्या बैलावर. जू तिरकं झालं, कासरा माझ्या हाताच्या कातडीसकट निघून गेला. एक चाक पुलाच्या बाहेर. बाया मागून उड्या मारून उतरल्या, बायको उतरताना मनगटावर पडली. हाड मोडलं. बंडी पडली नाही, कारण उजवा बैल थांबला. तो म्हातारा होता, त्याला ऐकू कमी येत होतं.

गाडीवाला उतरला. वाईट माणूस नव्हता. पाणी दिलं, दवाखान्यापर्यंत घेऊन गेला. म्हणाला, काका मला वाटलं तुम्हाला ऐकू आलं नाही. मी म्हटलं बाबू, मला आलं होतं, म्हणूनच मी घाई करत नव्हतो.

तो डावा बैल आजही त्या पुलावर चढत नाही. उतरून, येसन धरून, पुढं होऊन न्यावा लागतो. तेवढं सांगायचं होतं.

पांदणवाला – सकाळी ७.१२

काका, वाचून गप्प झालो. काकूंचा हात आता कसा आहे?

बंडीवाले काका – सकाळी ७.३०

भाकर थापताना दुखतो. बाकी बरा.

कलम आणि कागद – सकाळी ११.१०

तालुका कोर्टात वकिली करतो. 'पोलीस धरतात का' याचं उत्तर राहिलंय म्हणून.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९. त्यात दोन गोष्टींना मनाई आहे. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा मल्टिटोन हॉर्न चालत नाही, आणि गरजेबाहेर कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा घाबरवणारा आवाज करणारं कुठलंही साधन चालत नाही. सूट आहे ती ॲम्ब्युलन्स, अग्निशमन अशा गाड्यांना. दुकानदार सांगतो की 'दोन्ही भोंगे एकदमच वाजतात, म्हणजे मल्टिटोन नाही, म्हणजे चालतं.' पहिल्या मनाईतून तो सुटतो आणि दुसरीत सापडतो.

दंडाचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजाच्या मानकांचा भंग येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स ३ महिने अपात्र. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणं हे वेगळं कलम आहे, १९४-एफ, पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,०००. हे कंपनीच्या हॉर्नलाही लागू आहे, म्हणजे दोन किलोमीटर दाबत जाणारे आमचे धागाकर्ते यात बसू शकतात. रागावू नका.

आणखी, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. आणि रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत हॉर्न नाही, अगदी आणीबाणी सोडून. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच हे सांगितलंय.

अवांतर: ट्रॉलीच्या बाहेर हात-हात कापूस भरणं हेही नियमात बसत नाही, पण हंगामात ते बोललं तर गावात चहा मिळत नाही.

सावजी तर्री – सकाळी ११.२२

आपले नागपूरचे गडकरीसाहेब २०२१ मध्ये म्हणाले होते का हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन असा आवाज निघाला पायजे. पांदणवाल्या, तू तबला बसव. बैल बी बुजणार नाही, ट्रॉलीवरचा पोट्टा बी झोपेतच ताल धरन.

रात्रपाळी – दुपारी ३.४०

ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमचा दवाखाना राज्यमार्गाच्या अगदी वळणावर, आणि वळणावर हॉर्न द्यायचा असं सगळ्यांना शिकवलेलं. त्यामुळं बोर्ड असून उपयोग नाही.

नुकतं जन्मलेलं बाळ आईच्या कुशीत असतं. बाहेर भोंगा वाजला की ते दोन्ही हात एकदम फेकतं, बोटं ताठ होतात, मग हात जवळ ओढून रडायला लागतं. दचकण्याची ही क्रिया बाळाला उपजतच असते, ती चांगली खूण आहे, आम्ही तपासतोही. पण एका रात्रीत आठ-दहा वेळा कशाला तपासायची? आई नुकती झोपलेली असते, तीही उठते. मग दूध, मग पुन्हा तेच.

आमच्याकडं येणारा १०८ चा ड्रायव्हर गेटच्या आधीच सायरन बंद करतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही.

भैताड भाऊ – दुपारी ४.०५

ताई, म्या दवाखान्याजवळ नाही वाजवत. खरंच.

वायरमन दारव्हेकर – संध्याकाळी ७.५५

उशीर झाला, दिवसभर गाड्यांखालीच होतो. काका आमच्याच तालुक्याचे निघाले, नमस्कार काका.

पांदणवाला, एअर हॉर्नचं नंतर बघू. आधी मला हे सांगा, तुमच्या गाडीचा हॉर्न पहिल्यापासूनच सायकलच्या घंटीसारखा होता की आता झालाय? या गाड्यांना नवीन असताना दोन हॉर्न असतात, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. दोन्ही मिळून तो भरीव आवाज येतो. बहुतेक वेळा एक मेलेला असतो आणि दुसरा अर्धपोटी असतो. मालक म्हणतो आवाज कमी आहे, दुकानदार म्हणतो मोठा घ्या.

मल्टिमीटर घ्या, २५०–३०० ला साधा मिळतो. इंजिन बंद. बॅटरीवर व्होल्टेज बघा. मग घरातल्या कोणाला तरी हॉर्न दाबून धरायला सांगा आणि हॉर्नच्या पिनेवर व हॉर्नच्याच बॉडीवर किती येतात ते बघा. त्यानंतर मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी हॉर्नच्या अंगाला लावा, हॉर्न वाजत असतानाच. इथं अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायचा रस्ता, खराब. आकडे इथं टाका.

तरी एअर हॉर्नच पाहिजे असेल तर निदान नीट लावा. हा कॉम्प्रेसर १५ ते २० अँपिअर ओढतो. कंपनीचे दोन्ही हॉर्न मिळून त्याच्या निम्मे घेतात. म्हणून जुन्या हॉर्नच्या वायरवर थेट जोडायचा नाही. फ्यूज उडतो, आणि कोणी हुशारीनं मोठा फ्यूज घातला तर स्टिअरिंगमधला बटणाचा कॉन्टॅक्ट किंवा वायर जळते. चांगला रिले, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, पाहिजे. रिलेवर नंबर असतात: ३० ला बॅटरीकडून वायर, मधे फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच, ८७ वरून कॉम्प्रेसरला, ८६ ला जुन्या हॉर्नची वायर, ८५ बॉडीला. वायर ४ स्क्वेअर मिलिमीटरची. भोंग्याचं तोंड पुढं आणि किंचित खाली, नाहीतर पावसाचं पाणी आत बसतं आणि भोंगा गुळण्या करतो. नळी जेवढी आखूड तेवढा आवाज लवकर.

भैताड भाऊ, तुमच्यात रिले कोणता टाकलाय?

भैताड भाऊ – रात्री ८.३०

आता इचारलंच तं सांगतो. हसू नका.

दुकानवाल्यानं रिले टाकला होता, पण कोणता ते त्यालेच माहीत. फेब्रुवारीत मामाच्या पोरीचं लग्न आटपून रात्री पावणेबाराले घरी आलो. फाटक उघडाले म्हणून हॉर्न दाबला. आन् तो बंदच होईना! बटण सोडलं तरी चालूच. चाबी काढली तरी चालूच. स्टिअरिंगवर बुक्क्या हाणल्या. गल्लीतले सारे कुत्रे एका सुरात. शेजारच्या बुढीले वाटलं आग लागली, ते घागर घेऊन बाहीर.

बोनेट उघडलं तं कॉम्प्रेसरमधून धूर. बॅटरीचा टर्मिनल काढाले दहा नंबरचा पाना पायजे, पाना शिटाखाली, शिटावर आहेराची भांडी. एकेक गंज, एकेक परात बाहीर काढून रायलो आन् मागं भोंगा. शेवटी पाना सापडला तोवर आवाज आपोआप बसला, कॉम्प्रेसर मेला होता. आमचा बुढा वसरीत चप्पल हातात घेऊन उभा. तो एक शब्द बोलला नाही. चप्पल बोलली.

तवापासून भोंगे गाडीवर हायेत, पण वाजत नाहीत. शोभेले ठेवले.

सावजी तर्री – रात्री ८.३३

म्हणजे 'गर्दी नांगरासारखी फाटते' हे दिवाळी ते फेब्रुवारी एवढंच होतं तर. फोकनाड्या!

वायरमन दारव्हेकर – रात्री ८.४६

नेहमीची केस. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. हलक्या रिलेच्या आतल्या दोन टिकल्या तेवढ्यात वितळून एकमेकींना चिकटतात. मग बटण सोडा नाहीतर चाबी काढा, रिले सुटत नाही, कारण लाइन थेट बॅटरीची. अशा वेळी रिलेवर पान्याच्या दांड्यानं टकटक केलं तर कधीकधी सुटतो. आणि हे कॉम्प्रेसर चार-पाच सेकंद वाजायला केलेले असतात, तुमचा किती वेळ चालला?

भैताड भाऊ – रात्री ८.५०

साऱ्या गावाले आयुष्यभर पुरन एवढा.

पांदणवाला – १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

धागा वर काढतोय. आकडे आणलेत.

बाबांना स्टिअरिंगवर बसवलं, म्हटलं दाबा. त्यांना ते काम फार आवडलं. बॅटरीवर १२.५. हॉर्नवर ९.१. निगेटिव्ह ते हॉर्नचं अंग, २.६. म्हणजे दारव्हेकरदादांच्या हिशोबानं अर्थ खल्लास.

बंपरच्या मागं हात घातला. दोन्ही हॉर्न एकाच लोखंडी पट्टीवर, पट्टी एका बोल्टवर, आणि अर्थ त्या बोल्टमधूनच. मागच्या वर्षी समोरचा पत्रा ठोकून रंगवून घेतला होता. ज्या गॅरेजवाल्यानं केलं त्यानं पट्टी काढून, खालच्या जागेलाही मस्त दोन हात रंग मारून, वर पट्टी कसून टाकली. रंगावरून करंट जाणार कसा? वर दोन पावसाळ्यांचा वावरातला चिखल, वाळून वीट झालेला. एका हॉर्नच्या तोंडात गांधीलमाशीचं मातीचं घर होतं. तो तर वाजतच नव्हता.

कानस मारून बोल्टची जागा पांढरी केली, पॉलिश पेपर, थोडं ग्रीस, बोल्ट कसला. पुन्हा बाबा. हॉर्नवर ११.६! एकच वाजत होता तरी बाबा दचकून म्हणाले, "अबे, हा होता कुठी?"

मग दारव्हेकरदादांना फोनवर विचारून शंखाच्या आकाराचे विंडटोन हॉर्न घेतले, जोडी. एक जाड, सुमारे ४०० हर्ट्झचा, एक ५०० च्या आसपासचा. चांगला रिले, फ्यूज, वायर धरून सगळं ११०० मध्ये. तोंडं खाली ठेवून बसवले. लगेच वाजतो, भरीव वाजतो, आणि काकांच्या गावाकडून गेलो तरी तोंड लपवावं लागणार नाही.

२८०० च्या डब्याला रामराम. उरलेल्या पैशात आरसा आला.

वायरमन दारव्हेकर – संध्याकाळी ६.४०

शाब्बास. दर पावसाळ्यानंतर तो बोल्ट एकदा बघायचा. गांधीलमाशीचं घर हे दर दहा गाड्यांत एकदा सापडतं, लोकांना खरं वाटत नाही.

अकोल्याचा पुणेकर – संध्याकाळी ७.०२

हिशोबही जुळतो. १२.५ मधून २.६ अर्थमध्ये गेले, ९.१ हॉर्नला मिळाले, उरलेले ०.८ वायर आणि बटणात. आकडे असे जुळले की बरं वाटतं.

तिपेश्वरच्या वाटेवर – रात्री ९.१०

उशिरा आलो. पांढरकवड्याकडून रात्री येणं-जाणं असतं. रोही (नीलगाय) आडवा आला तर हॉर्नचा काय उपयोग यावर कोणीच लिहिलं नाही. माझा अनुभव: मोठा हॉर्न दिला की रोही दोनपैकी एक करतो. रस्त्याच्या मधोमध दगडासारखा उभा राहतो, नाहीतर ज्या बाजूनं आला त्याच्या उलट, म्हणजे तुमच्या बोनेटवरून. हेडलाइटचा अपर बंद करून लोअर लावायचा, स्पीड पार तोडायचा, आणि एक गेला म्हणून गाडी सोडायची नाही. मागं दोन-तीन असतातच. रानडुकराला हॉर्न ऐकू येतो की नाही देव जाणे, तो कोणासाठी थांबत नाही.

कोळसा लाइन – रात्री ९.२५

+१. अपर डोळ्यात गेला की जनावर आंधळं होतं. माणूसही होतो.

जिनिंगची रांग – १७ नोव्हेंबर, सकाळी ५.५०

सारा धागा वाचला. जिनिंगच्या बाहेर रांगेत रात्रभर हावो, दुसरं काम नाही. माह्यापुढं ४० ट्रॉल्या हायेत.

तुम्ही सारे मागून बोलून रायले, मी पुढून बोलतो. मी कापसाचा ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टरचा सायलेन्सर नाकासमोर उभा, इंजिन पायात, आन् ट्रॉलीचा हूक खडखड करते ते वेगळं. मागून तुमचा हॉर्न नाही ऐकू येत, तोफ बी नाही येणार. आरशात फक्त कापूस दिसते. हात दाखवतो मी, पण हात कापसाच्या आड जाते, तुम्हाले दिसत नाही. ट्रॉलीचे लाइट हायेत, वायर तुटेल हाये, मालकाले चार वेळा सांगतलं. वळाच्या आधी मी थांबून उतरून पाहात असतो, पण लेट झालं का नाही पाहात. खोटं कायले बोलू.

पांदणवाला – सकाळी ६.२०

भाऊ, खरं बोललात हेच लय झालं. मग मागच्यानं तुम्हाला सांगायचं कसं? तो वर झोपलेला पोट्टा कशासाठी असतो?

जिनिंगची रांग – सकाळी ६.३१

तो त्याच कामासाठी बसवला असते. मागून गाडी आली का तो मले फोन लावते. फोन मी शर्टाच्या खिशात ठेवतो, व्हायब्रेटवर. घंटी ऐकू येत नाही ना. थरथरला का समजाचं, डाव्या अंगाले घ्याचं. आता थो झोपला तं मी काय करू.

सावजी तर्री – सकाळी ६.३५

म्हणजे हॉर्न, रिले, डेसिबल सारं जाऊ द्या. ट्रॉलीच्या मागं ड्रायव्हरचा मोबाइल नंबर लिहा, मागचा माणूस थेट फोन लावन.

जिनिंगची रांग – सकाळी ६.४४

लिवला हाये ना भाऊ. मागच्या फाळक्यावर, चांगला मोठा, पिवळ्या पेंटनं.

कापसानं झाकला.